भीती वाटणं वेगळं, धोका असणं वेगळं

सकाळची फास्ट लोकल. लेडीज डब्याच्या दारात माझा एक पाय आत, दुसरा अर्धा बाहेर, मधल्या दांड्याला जेमतेम चार बोटं आणि पाठीवर सॅक. मागून कुणीतरी ओरडतं, "ताई, आत सरका ना!" मी सरकत नाही, वारा छान येतो. भीती? छे!

रात्री अकरानंतर तोच डबा. समोर डुलक्या घेणारी एक मावशी. ती ठाण्याला उतरली की माझा हात आपोआप पर्सच्या चेनकडे जातो. रात्रीच्या ड्युटीचा हवालदार डब्यात चढला की जीव भांड्यात पडतो.

आता हिशेब बघा. कोविडची वर्षं सोडली, तर मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला २,००० हून जास्त माणसं मरतात. त्यातली बरीचशी रूळ ओलांडताना, नाहीतर गाडीतून पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघं त्याच दिवशी गेले. म्हणजे सकाळी धोका पुरेपूर होता, भीतीचा पत्ता नव्हता. रोजची सवय आणि आजूबाजूचा गलका, एवढं भीती झोपवायला पुरतं.

तरीही "रात्री उगाच घाबरतेस" म्हणणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. रात्रीची भीती मरणाची शक्यता मोजतच नसते. काही झालंच तर धावून कोण येईल, एवढंच ती विचारते, आणि रिकाम्या डब्यात त्याचं उत्तर 'कोणी नाही' असं असतं. कॅमेरा सगळं टिपतो, पण उठून येत नाही. हवालदार येतो. त्याच्या असण्यानं भीतीही कमी होते आणि धोकाही.

भीतीचा नेमही चुकतो. आपण अंधारातल्या अनोळखी माणसाला घाबरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी मात्र वर्षानुवर्षं सांगते, की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास आरोपी ओळखीतलेच असतात: नातेवाईक, शेजारी, मित्र. त्यांच्या घरी जाताना कोणी पर्सची चेन चाचपत नाही.

मुंब्र्यानंतर मी सॅक पुढे घ्यायला लागले. उभी मात्र अजून दारातच असते.