छातीचा पट्टा ठोका ऐकतो, घड्याळ नाडी बघतं

थंडीतल्या सकाळी धावायला निघालं की पहिल्या चार-पाच मिनिटांतच माझं घड्याळ हृदयगती १७० दाखवायचं. धाप लागलेली नसायची, सोबत्याशी गप्पा चालू असायच्या, आणि आकडा मात्र शर्यतीतला. एकदा थांबलो, मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजले. भरले ३३, म्हणजे मिनिटाला १३२. मग त्याच घड्याळात पावलांचा वेग पाहिला, तो होता १७०. हृदयाच्या नावाखाली घड्याळ माझे पाय मोजत होतं.

असं झालं की सल्ला ठरलेला असतो: छातीचा पट्टा घे, तो अचूक असतो. सल्ला बरोबर आहे, पण त्यातून वाटतं की दोन्ही साधनं एकच गोष्ट मोजतात, फक्त एक भारी आणि एक साधं. मोजायची गोष्टच दोघांची वेगळी आहे. म्हणून हालचालीने दोन्ही बिघडतात तेही वेगवेगळ्या तऱ्हेने, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पट्टा वीज टिपतो. हृदयाचा स्नायू आकुंचन पावण्याआधी त्यातून विजेची लाट जाते. तिचा साधारण एक मिलिव्होल्टचा पडसाद छातीच्या त्वचेवर उमटतो. हाच ईसीजी. तो नोंदवण्याची पद्धत बसवल्याबद्दल विलेम आइंथोव्हेन यांना १९२४ साली नोबेल मिळालं.

घड्याळ उजेड टिपतं. मागच्या बाजूचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात आणि परत आलेला उजेड शेजारचा सेन्सर मोजतो. दर ठोक्याला मनगटाच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त भरतं, तेवढा उजेड जास्त शोषला जातो. या पद्धतीला पीपीजी म्हणतात. यातला ठोक्यागणिक बदलणारा भाग परतलेल्या एकूण उजेडाच्या एक-दोन टक्के, बऱ्याचदा त्याहूनही कमी असतो. बाकी सगळा त्वचा, स्नायू आणि शिरांतलं संथ रक्त यांच्यामुळे येणारा जवळजवळ स्थिर उजेड. घड्याळ मनगटावर केसभर सरकलं तरी या स्थिर भागात होणारा बदल नाडीपेक्षा मोठा ठरू शकतो. हिरवा रंग निवडण्यामागेही हेच कारण आहे. रक्त तो भरपूर शोषतं आणि तो फार खोल जात नाही, त्यामुळे आतल्या स्नायूंची हालचाल कमी दिसते. पण त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे सावळ्या त्वचेवर हाती येणारा सिग्नल मुळातच बारीक असतो.

आता हालचाल. पट्टा त्वचेवर घासला की इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्या सीमेवरचा विद्युतभार विस्कटतो. नुसती त्वचा ताणली गेली तरी तिथे काही मिलिव्होल्टचा झोका येतो. म्हणजे खरखर ठोक्याहून मोठी. तरीही पट्टा निभावून नेतो, कारण ईसीजीतलं ठोक्याचं टोक अणकुचीदार असतं. त्याची ताकद साधारण दहा हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा आवर्तनांच्या, आसपास एकवटलेली, तर धावणाऱ्या शरीराचं वरखाली होणं मुख्यतः एक ते तीन हर्ट्झचं, संथ. दोन्ही वेगळे काढता येतात. पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी १९८५ साली मांडलेली पद्धत हेच करते: ५ ते १५ हर्ट्झमधला भाग ठेवायचा, बाकीचं सोडून द्यायचं, आणि उरलेल्यात चढ किती तीव्र आहे ते पाहायचं.

घड्याळाला ही सोय नाही. नाडीची लाट गोलसर, संथ असते. व्यायामात ती सेकंदाला दोन-तीनदा येते, आणि धावणारी पावलंही सेकंदाला तीनच्या आसपास पडतात. चाळणी लावायची तर खडा आणि दाणा यांच्या आकारात फरक हवा. इथे खडा दाण्याएवढाच.

म्हणून घड्याळाला साक्षीदार लागतो, आणि तो म्हणजे अॅक्सेलरोमीटर. त्याला फक्त हात कसा हलला ते कळतं, हृदयाचं काही कळत नाही. तो जे सांगतो त्यावरून उजेडात किती गोंधळ मिसळला असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो वजा करायचा. उरलेल्यात पुन्हा हालचालीचा अंश सापडला तर अंदाज सुधारायचा. हे दर क्षणी चालू राहतं. असं शिकत जाणाऱ्या फिल्टरचं मूळ विड्रो आणि हॉफ यांच्या १९६० सालच्या कामात आहे. २०१५ साली सिग्नल प्रोसेसिंगच्या एका आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेत नेमकं हेच कोडं होतं: ट्रेडमिलवर धावणाऱ्यांचा मनगटाचा पीपीजी आणि अॅक्सेलरोमीटर यांवरून हृदयगती काढा. उत्तर तपासायला कोणता सिग्नल ठेवला होता? छातीवरचा ईसीजी.

या उपायाची मर्यादा माझ्या १७० मध्ये दिसते. पावलं आणि नाडी एकाच वेगाला आली तर वजाबाकीत नाडीही जाते. मग प्रणाली मागच्या आकड्याचा आधार घेते, कारण हृदयाची गती एका सेकंदात तीसने उडी मारत नाही. पण सुरुवातच चुकीच्या आकड्याने झाली तर तोच आधार तिला चुकीला चिकटवून ठेवतो. त्यातून थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, नाडीचा सिग्नल मंदावलेला, पावलं मात्र जोरदार.

व्यायामशाळेत याच्या उलट होतं. डंबेल घट्ट धरला की मनगटातले कंडरे सरकतात, रक्त दाबलं जातं, उजेड विस्कटतो, पण हात फारसा हललेलाच नसतो. साक्षीदाराने काहीच पाहिलेलं नसतं. तिथे घड्याळावर विसंबू नये असं मी स्पष्टच सांगेन.

उपायांतला फरकही यातूनच येतो. पट्ट्याला ओल हवी. बांधण्याआधी इलेक्ट्रोड पाण्याने भिजवा. कोरड्या पट्ट्यावर सिंथेटिक शर्ट फडफडला तर सुरुवातीला काहीही आकडे येतात, घाम फुटला की तो शांत होतो. घड्याळाचा पट्टा मात्र घामाने निसटायला लागतो. ते मनगटाच्या हाडाच्या एक-दोन बोटं वर आणि रुतणार नाही इतपत घट्ट बांधा, आणि आधी अंग थोडं गरम होऊ द्या. दंडावर बांधायचा प्रकाशाचा सेन्सर मिळाला तर तो मनगटापेक्षा स्थिर राहतो.

काही घड्याळांत ईसीजीही असतो, आणि गोंधळ इथे सगळ्यात जास्त होतो. दिवसभर लुकलुकणारा हिरवा दिवा म्हणजे ईसीजी नव्हे. त्यासाठी दुसऱ्या हाताचं बोट घड्याळावर ठेवून साधारण अर्धा मिनिट स्थिर बसावं लागतं. हात टेबलावर टेकवायला सांगतात, कारण ताणलेल्या दंडाची वीजही त्याच नोंदीत मिसळते.

आणि एक तफावत अशी आहे की ती पुसून टाकायची नसते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित पडण्याच्या एका विकारात, हृदयाचे काही ठोके इतके लवकर पडतात की त्यांत पुरेसं रक्त भरलेलंच नसतं. वीज उमटते, पट्टा तो ठोका मोजतो, पण लाट मनगटापर्यंत पोचत नाही. स्वस्थ बसलेले असताना, दोन्ही साधनं नीट बसलेली असताना, पट्ट्याचा आकडा घड्याळाहून वारंवार बराच जास्त येत असेल तर डॉक्टरांकडे जा. ते यासाठी एकाला छातीवर स्टेथोस्कोप लावायला सांगतात, दुसऱ्याला मनगट धरायला, आणि दोघेही एकाच वेळी पूर्ण एक मिनिट मोजतात.