पार्श्वभूमी: घरात येणारी एकच तार

१४ ऑक्टोबर २००४ रोजी केंद्र सरकारने देशाचे पहिले ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. वेगाची व्याख्या, ग्राहकसंख्येची लक्ष्ये, केबल, उपग्रह असे सगळे त्यात होते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारांबद्दल मात्र धोरणाने मोजकेच सांगितले. तारा ज्यांच्या, त्यांनी त्या दुसऱ्यांना वापरू द्यायच्या की नाही, हे आपापसात व्यवहाराने ठरवावे. सक्ती नाही. घरगुती इंटरनेटबद्दलची जी चिडचिड पुढची दहा-बारा वर्षे, विशेषतः मुंबई-पुण्याबाहेर, ऐकू येत राहिली, तिचा बराचसा भाग या ‘सक्ती नाही’मधून आला.

तारा कोणाच्या होत्या, हे वेगळे सांगायला नको. दिल्ली आणि मुंबईत एक सरकारी कंपनी (एमटीएनएल), उरलेल्या देशात दुसरी (बीएसएनएल). दोघींच्या मिळून चार कोटींच्या आसपास जोडण्या. १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्यांसाठी डायल-अप इंटरनेट (फोन लावून जोडायचे) सुरू झाले तेही सरकारच्याच आणखी एका कंपनीकडून. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने मिळाले, तरी त्यांचे इंटरनेट घरात यायचे ते त्याच टेलिफोनमधून. म्हणजे दुकाने वाढली, पण दुकानाकडे जाणारा रस्ता एकाच मालकाचा राहिला. डायल-अपमध्ये हे फारसे खुपत नसे, कारण फोन कोणत्याही नंबरला लावता येतो. ब्रॉडबँडमध्ये तसे नसते. एडीएसएलचे, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देणाऱ्या तंत्राचे, यंत्र थेट एक्स्चेंजमध्ये, तुमच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला बसवावे लागते. तिथे ज्याला पाय ठेवता येत नाही, त्याला ग्राहकही मिळत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाला (ट्राय) हे दिसत होते. धोरणाच्या काही महिने आधी, एप्रिल २००४ मध्ये, त्याने सरकारला शिफारस केली होती की या तारा इतर कंपन्यांना भाड्याने खुल्या कराव्यात. त्याचे तीन प्रकार असतात. पहिल्यात अख्खी तार दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात जाते. दुसऱ्यात फोन जुन्या कंपनीकडे राहतो आणि त्याच तारेवरचे इंटरनेट नव्या कंपनीकडे जाते. तिसऱ्यात तार आणि यंत्र दोन्ही जुन्या कंपनीचे, नवी कंपनी घाऊक दराने क्षमता घेऊन आपल्या नावाने विकते. हे काही आपल्याकडे कोणी नव्याने काढलेले खूळ नव्हते. युरोपीय संघाने डिसेंबर २००० मध्येच यासाठी नियम केला होता, आणि फ्रान्समध्ये जुन्या सरकारी कंपनीच्याच तांब्यावरून नव्या कंपनीने घरोघरी स्वस्त ब्रॉडबँड पोहोचवले.

आपल्याकडे ही शिफारस धोरणात उतरली नाही. विरोधाची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. खेड्यापाड्यांत तोट्यात तारा टाकल्या त्या सरकारी कंपनीने, आणि आता शहरातल्या कमाईच्या तारा खासगी कंपन्या उचलणार, हा कर्मचारी संघटनांचा आक्षेप होता. त्यात तथ्य होते. दुसरा युक्तिवाद असा, की तारा आयत्या मिळाल्या तर नव्या कंपन्या स्वतःच्या तारा टाकणारच नाहीत. हा युक्तिवाद मात्र पुढे पार उताणा पडला. तारा मिळाल्या नाहीत आणि खासगी कंपन्यांनी स्वतःच्याही टाकल्या नाहीत. निदान निमशहरी भागात तरी नाहीत. रस्ता खोदायची परवानगी, दर फुटामागे नगरपालिकेचे शुल्क, आणि शेवटी गल्लीत मिळणारे आठ-दहा ग्राहक, हे गणित कोणाचेच बसत नव्हते. ‘परस्पर संमतीने करार करा’ हे कागदावर समंजस वाटते. पण ज्याच्याकडे सगळे आहे त्याने संमती का द्यावी?

लक्ष्यांचे काय झाले, ते आकडेच सांगतात. धोरणाने २००७ अखेर ९० लाख ब्रॉडबँड ग्राहक धरले होते. प्रत्यक्षात झाले ३१ लाखांच्या आसपास. २०१० अखेर २ कोटी अपेक्षित होते, झाले सुमारे १ कोटी १० लाख. आणि हे जे झाले, त्यातला मोठा वाटा सरकारी तारांवरचाच.

जानेवारी २००५ मध्ये सरकारी ब्रॉडबँड सुरू झाले तेव्हा त्याचे स्वागतच झाले होते, हे आता विसरले जाते. महिना ५०० रुपयांत, फोन अडकवून न ठेवता इंटरनेट ही तेव्हा चैन होती. पहिली अडचण आली ती जोडणी मिळण्यातच. अर्ज घेऊन गेले की खिडकीवरून ठरलेले उत्तर यायचे, ‘पोर्ट नाही’. पोर्ट म्हणजे एक्स्चेंजमधल्या त्या यंत्रावरची एक जागा. शंभर जागा भरल्या की एकशे एकावा माणूस नवे यंत्र येईपर्यंत थांबणार, किंवा कोणी जोडणी बंद करण्याची वाट पाहणार. एक्स्चेंजपासून घर तीन-चार किलोमीटरवर असेल तर पोर्ट असूनही उपयोग नसे, कारण तांब्यावर अंतर वाढेल तसा सिग्नल क्षीण होत जातो.

जोडणी मिळालेल्यांचा पावसाळा वेगळाच. खांबावरच्या डब्यातून, म्हणजे डीपीतून, तार घरात येते. त्या डब्याचे झाकण बहुधा नसतेच. आत तारांचे जोड पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, एखाद्या जोडावर प्लॅस्टिकची पिशवी दोऱ्याने बांधलेली. पाणी शिरले की आधी फोनमध्ये खरखर येई आणि मग मोडेमवरचा दिवा लुकलुकू लागे. तो स्थिर हिरवा होईपर्यंत घरातला कोणी ना कोणी त्याच्यासमोर बसून असे. १९८ ला तक्रार नोंदवायची, क्रमांक लिहून घ्यायचा. दोन दिवसांनी ‘आपली तक्रार दूर झाली आहे’ असा यंत्राचा फोन येई, तो तेवढा खरखरीतूनही ऐकू यायचा. खरी दुरुस्ती लाइनमनच्या हातात, आणि लाइनमन एक, गावे चार. त्याचा मोबाइल नंबर कोणाकडे आहे यावर गल्लीतली प्रतिष्ठा ठरायची. नोकरभरती थांबलेली, तारांच्या मोकळ्या जोड्या संपलेल्या. त्या माणसालाही दोष द्यावा असे फारसे काही नव्हते.

आता ‘ब्रॉडबँड’ या शब्दाकडे येऊ, कारण निम्मी भांडणे त्याच्या अर्थावरून झाली. २००४ च्या व्याख्येत तीन गोष्टी होत्या: जोडणी कायम चालू असावी, किमान २५६ केबीपीएस वेग देण्याची तिची क्षमता असावी, आणि हा वेग कंपनीच्या जोडबिंदूपासून ग्राहकापर्यंतचा धरावा. यातला प्रत्येक शब्द नीट पाहण्यासारखा आहे. ‘वेग’ म्हटलेले नाही, ‘क्षमता’ म्हटले आहे. आणि मोजायचे ते कंपनीच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत. तिथून पुढे बाहेरच्या जगाकडे जाणारा रस्ता कितीही तुंबलेला असो, व्याख्या त्याबद्दल गप्प आहे. एक्स्चेंजपर्यंत व्यवस्थित २५६ आणि तिथून पुढे संध्याकाळी सात वाजता सगळे ठप्प, तरीही कागदोपत्री ते ब्रॉडबँडच.

त्यात किलोबिट आणि किलोबाइटचा घोळ. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. स्क्रीनवर २८-३० आकडा दिसला की ग्राहक म्हणे, मला आठवा हिस्सासुद्धा मिळत नाही. कंपनी म्हणे, पूर्ण मिळतोय. इथे कंपनी बरोबर होती, पण हे समजावून सांगण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

धोरणात ‘किमान’ होते, जाहिरातीत त्याचे ‘पर्यंत’ झाले. ‘२ एमबीपीएस पर्यंत’ (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस). मराठीत ‘पर्यंत’ हे साधेसुधे शब्दयोगी अव्यय. या धंद्याने त्याला ढालीचे काम दिले. शून्य ते दोन यांतले काहीही त्यात बसते. व्याख्येतला किमान आकडा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाला आणि २ एमबीपीएस व्हायला जानेवारी २०२३ उजाडावे लागले. मधल्या काळात गरज कुठल्या कुठे गेली, हे वेगळे.

‘पर्यंत’चा एक मासला २००७ चा. त्या वर्षाच्या सुरुवातीला सरकारी कंपनीने घरगुती योजनांचा वेग एकदम २ एमबीपीएस पर्यंत नेला. बातमी गोड होती. ५०० रुपयांच्या योजनेतली डेटाची मर्यादा मात्र महिन्याला १ जीबीच्या घरात. २५६ च्या वेगाने १ जीबी संपवायला सलग नऊ तास लागत. नव्या वेगाने ते सत्तर मिनिटांत उडू लागले. त्यापुढे दर एमबीला पैसे. महिनाअखेरीस ५०० च्या जागी दोन-अडीच हजारांचे बिल पाहून वडील मुलावर ओरडत, मुलगा शपथेवर सांगे की मी काही उतरवले नाही. बऱ्याचदा तो खरे बोलत असे, संगणक आपणहून अपडेट घेत बसलेला असे.

याच योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डेटा फुकट होता. त्यामुळे एक पिढी पावणेदोनचा गजर लावून उठली. दोन वाजण्याआधी मोडेम बंद करायचा, दोन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा चालू करायचा, कारण दोनच्या आधी सुरू झालेले सत्र फुकटात धरले जाईल की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. आठच्या आत बंद करायलाही कोणीतरी उठायचे. हे काम बहुधा आईकडे येई.

नियम नव्हते असे नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये नियामकाने सेवेच्या दर्जाचे निकष ठरवले. नव्वद टक्क्यांहून जास्त बिघाड पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हावेत, तीन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिल्यास सात दिवसांचे भाडे माफ, पंधरा दिवसांपेक्षा जास्त झाल्यास महिन्याचे. अशी सूट आहे हे किती जणांना ठाऊक होते, आणि ठाऊक असलेल्यांपैकी किती जणांना ती बिलात वळती झालेली दिसली, हा प्रश्न त्या काळच्या कोणाही ग्राहकाला विचारून पाहावा. २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास हे प्रमाण आले. म्हणजे एकाच क्षमतेवर जास्तीत जास्त पन्नास जण. पुढे ‘अनलिमिटेड’ योजना आल्या आणि ठरावीक डेटानंतर वेग रांगता करण्याची पद्धत रूढ झाली. २०१६ च्या अखेरीस नियामकाने सांगितले की तारेवरच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादा संपल्यावरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही.

दाद कुठे मागायची, ही गोष्ट आणखी अवघड झाली ती १ सप्टेंबर २००९ ला. टेलिफोन बिलाच्या वादात ग्राहक मंचाला अधिकार नाही, १८८५ च्या तार कायद्यातल्या लवादाकडेच जावे लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. मूळ प्रकरण केरळातल्या एका बंद केलेल्या टेलिफोनचे होते, पण त्या निकालाचा आधार घेऊन देशभरच्या मंचांमध्ये दूरसंचाराच्या तक्रारी दारातूनच परत जाऊ लागल्या. लवाद नेमायचा कोणी, तर केंद्र सरकारने. सरकारी कंपनीविरुद्धच्या तक्रारीत हे कसे वाटत असेल, याची कल्पना करता येते. १६ फेब्रुवारी २०२२ ला न्यायालयाने ही वाट पुन्हा मोकळी केली. त्या वेळचा वाद अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाचा होता: महिन्याला सरासरी ५५५ रुपये येणारे बिल २४ हजारांवर गेले होते. मधली बारा वर्षे मात्र ग्राहकांची गेली.

२०१६ नंतर मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की तांब्यावरचे ग्राहक जोडणी परत करायला रांगेत उभे राहिले. जी स्पर्धा २००४ मध्ये तारेवरून यायची होती, ती बारा वर्षांनी हवेतून आली. मग फायबर आले. खासगी कंपन्यांनी शहरांत स्वतःच्या तारा टाकल्या, आणि सरकारी कंपनीने तालुक्यांत फायबर पोहोचवण्यासाठी स्थानिक भागीदार नेमले. शेवटच्या टप्प्याचे काम त्यांचे, बिलात त्यांना वाटा. जे वाटून घ्यायला २००४ मध्ये नकार होता, तेच आता वेगळ्या नावाने वाटले गेले, फक्त एका भागात प्रत्यक्षात बहुधा एकच भागीदार असे.

मक्तेदारी त्यामुळे आकाराने लहान झाली, देशाची होती ती गल्लीची झाली. शहरातल्या मोठ्या गृहसंकुलांत तर ती फाटकापाशी सुरू होते. बिल्डर किंवा व्यवस्थापन एकाच कंपनीशी करार करतो, इमारतीतली नळी तिच्या तारेने भरते, आणि दुसऱ्या कंपनीचा माणूस आला तर सुरक्षारक्षक त्याला ऑफिसची चिठ्ठी मागतो. जानेवारी २०१७ मध्ये नियामकाने शिफारस केली की असे एकहाती करार परवान्याचा भंग मानावेत आणि इमारतीतल्या सोयी सगळ्या कंपन्यांना वापरू द्याव्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीचे मानांकन देण्याची नियमावली आली. घर घेणाऱ्याला आधीच कळावे की इथे किती कंपन्यांना वाट आहे, असा तिचा हेतू आहे. हे मानांकन ऐच्छिक आहे, आणि त्यासाठी अर्ज करायचा तो इमारतीच्या व्यवस्थापनानेच.