औषधी गांजा: जुनाट दुखण्यात बाई-पुरुष फरक

तीन महिन्यांच्या वर टिकलं की दुखणं जुनाट धरतात. अशा दुखण्यावर गांजापासूनचं औषध दिलं तर बाईला आणि पुरुषाला गुण सारखाच येतो का, तर बहुतेक नाही. पण जास्त कुणाला येतो यावर उंदीर एक सांगतात आणि माणसं दुसरंच.

आधी नावाचा घोळ. झाड एकच, पानं ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, राळ तो चरस, आणि आयुर्वेदात म्हणतात विजया. अथर्ववेदाच्या ११व्या कांडात वनस्पतींच्या यादीत ‘भङ्ग’ येतो, तो म्हणजे आजचीच भांग की तागासारखं दुसरं काही यावर अभ्यासकांचं जुनं भांडण आहे, नुसत्या नावावरून ओळख पटवणं जरा धाडसाचंच. औषध म्हणून उल्लेख शार्ङ्गधरसंहितेपासून (साधारण १३वं-१४वं शतक) धरलेला बरा, १६व्या शतकाच्या आसपासच्या भावप्रकाशात तो आहेच. गांजाच्या शेतातून नर झाडं उपटून टाकायची रीत १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनपुढेही (इंग्रज सरकारची भांग-गांजाची चौकशी समिती) आली होती. म्हणजे झाड नर की मादी हे शेतकरी कधीचा बघत होता, रोगी बाई की पुरुष हे बघायला मात्र संशोधकांनी लई उशीर केला.

गांजातला मुख्य घटक टीएचसी १९६४ मध्ये शुद्ध रूपात वेगळा काढला. तो शरीरात ज्या सीबी-१ रिसेप्टरला (पेशीवरची कुलपासारखी जागा) चिकटतो त्याचा जीन १९९० मध्ये सापडला, आणि १९९२ मध्ये शरीर स्वतःच बनवतं तो तसला पदार्थ मिळाला, त्याला ‘आनंद’ वरून आनंदामाइड नाव दिलं. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कामात टीएचसीने उंदरांच्या माद्यांचं दुखणं नरांपेक्षा जास्त दबलं, त्यातही इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन चढतं त्या दिवसांत. पण २०१४ च्या प्रयोगात माद्यांना सुरुवातीलाच कमी डोस देऊनही १० दिवसांत औषधाची सवय (म्हणजे तेवढ्याच डोसचा गुण कमी होणं) नरांपेक्षा जास्त झाली, म्हणजे गुण जास्त पण ओसरतोही लवकर.

माणसांत उलटं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला नेहमी गांजा ओढणारे २१ पुरुष आणि २१ बाया घेतल्या, गांजाची सिगारेट ओढायला दिली (कधी खरी, कधी टीएचसी काढून टाकलेली) आणि हात बर्फागत गार पाण्यात धरायला लावला. पुरुषांना दुखणं कमी जाणवलं, हातही जास्त वेळ राहिला. बायांचा हात थोडाच जास्त टिकला, दुखायचं तेवढंच दुखलं. नशा मात्र दोघांना सारखीच! यावरून बायांना गांजा लागूच पडत नाही असं काढणं घाईचं, कारण ही मंडळी आधीच सवयीची होती आणि गार पाण्याची कळ म्हणजे दहा वर्षांची कंबरदुखी नव्हे. उंदीर आणि माणसं दोन्ही जोडून पाहिलं तर बायांना सवय लवकर होते हा खुलासा जास्त पटतो. इस्रायलमधल्या रुग्णांत साइड इफेक्ट बायांनी जास्त सांगितलेत.

मराठवाड्यात हे सगळं हार्मोनपाशी येऊन अडतं. बीडकडच्या ऊसतोड बाया कोयत्यावर दिवसभर वाकून तोडतात आणि वर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढतात, कंबर आणि मान जाणारच. २०१९ च्या जिल्हा सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीसोबत अंडाशयंही गेली तर इस्ट्रोजेन एकदम पडतं, मग पाळीच्या दिवसांवर बेतलेला हिशेब त्या बाईला लागू कसा करणार?

कायद्याचं म्हणाल तर १९८५ च्या एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यात गांजा आणि चरस येतात, शेंड्याशिवायची नुसती पानं येत नाहीत. विजयेची आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. दुखण्याच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने २०२१ मध्ये दुखण्यासाठी अशा औषधांच्या सरसकट वापराला पाठिंबा दिलेला नाही. शिवरात्रीला परळी-औंढ्याला भांग घोटतात ती गोष्ट वेगळी, तिचा डोस कोणी मोजत नाही.

आपल्याकडं बाई ‘पिशवी काढली’ एवढंच सांगते. अंडाशयं राहिली का गेली हे डिस्चार्ज कार्डावर बघावं लागतं, आणि ते कार्ड बऱ्याचदा गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत असतं, बाई कारखान्यावर.