अलाबामा राज्यघटनेचे पुनर्संकलन

अमेरिकेच्या अलाबामा राज्याच्या १९०१ च्या घटनेतील वंशभेदी मजकूर, पुनरुक्ती व रद्द झालेल्या तरतुदी गाळून उरलेल्या मजकुराची केलेली फेरमांडणी (२०२०–२२). अमेरिकेत प्रत्येक घटकराज्याची स्वतंत्र घटना असते. स्वतंत्र राष्ट्रांच्या लिखित घटनांमध्ये भारतीय संविधान सर्वांत दीर्घ मानले जाते. अलाबामाची घटना त्याच्याही दुपटीहून मोठी होती. तिची शब्दसंख्या चार लाखांच्या घरात सांगितली जाते. दुरुस्त्या ९७७ होत्या.

या विस्ताराचे मूळ १९०१ च्या माँटगोमेरी येथील घटना परिषदेत आहे. परिषदेचे १५५ सदस्य सर्व गोरे पुरुष होते. संघराज्याच्या घटनेच्या मर्यादेत राहून गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने प्रस्थापित करणे हा हेतू अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी उद्घाटनाच्या भाषणातच उघड सांगितला. मतदानासाठी साक्षरता, मालमत्ता व मतदान-कर यांच्या अटी आल्या. कृष्णवर्णीय मतदार यादीतून जवळजवळ नाहीसे झाले आणि पुढे अनेक गरीब गोरेही वगळले गेले. काउंटींना (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासकीय विभागांना) या घटनेने स्वतःचे अधिकार दिले नाहीत. त्यामागे वंशवाद प्रमुख, की करवाढीची जमीनदार व उद्योजकांना वाटणारी धास्ती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्ही हेतू एकाच वर्गाचे असल्याने ते वेगळे काढणे अवघड आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. परिणाम मात्र निर्विवाद आहे : एखाद्या काउंटीतील डास-निर्मूलनाचा कर किंवा मेलेल्या जनावरांची विल्हेवाट यांसाठीही घटनादुरुस्ती करावी लागे. बहुसंख्य दुरुस्त्या अशा स्थानिक स्वरूपाच्याच आहेत.

सबंध नवी घटना आणण्याचा प्रयत्न १९८३ मध्ये झाला. विधिमंडळाने तयार केलेला मसुदा दुरुस्ती म्हणून मतदारांपुढे जाणार होता. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्टेट वि. मॅनली’ या खटल्यात तो मतपत्रिकेवरून काढला. दुरुस्तीच्या मार्गाने विधिमंडळाला घटनाच बदलता येत नाही, त्यासाठी घटना परिषद हवी, असा त्याचा आशय होता. पुढील सुधारणा त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी झाली. आंतरवंशीय विवाहावरील बंदी २००० मध्ये निघाली; संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९६७ मध्येच निष्प्रभ केली होती. शाळांतील वंशनिहाय विभागणीचा मजकूर काढण्याचे प्रस्ताव २००४ व २०१२ मध्ये फेटाळले गेले. केवळ वंशद्वेष हे त्याचे कारण म्हणणे अपुरे ठरेल. वाद १९५६ च्या दुरुस्तीतील, सरकारी खर्चाने शिक्षण मिळण्याचा हक्क नाकारणाऱ्या वाक्याभोवती होता. ते २००४ च्या प्रस्तावाने निघाले असते, म्हणून करवाढीला भिणाऱ्यांनी विरोध केला. २०१२ च्या प्रस्तावात ते राहणार होते, म्हणून कृष्णवर्णीय नेते व शिक्षक संघटनेने केला.

शेवटी २०२० मध्ये मतदारांनी विधिमंडळाला अधिकार दिला, पण चौकट आखून : वंशभेदी भाषा गाळणे, पुनरुक्त व रद्द तरतुदी काढणे, आर्थिक विकासविषयक तरतुदी एकत्र आणणे आणि स्थानिक दुरुस्त्या काउंटीवार लावणे. यापलीकडे कोणताही बदल करावयाचा नव्हता. आमदार मेरिका कोलमन यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने मसुदा तपासला. नोव्हेंबर २०२२ च्या मतदानात सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी तो मान्य केला. २०२२ च्या या घटनेला काही जण राज्याची सातवी घटना म्हणतात. आशय बहुतांशी कायम असल्याने तिला १९०१ च्या घटनेचे नवे संकलन म्हणणे अधिक काटेकोर होईल. काउंटींवरील विधिमंडळाची पकड तशीच राहिली.

एक बदल मात्र शाब्दिक नव्हता. गुलामगिरीला बंदी करणाऱ्या ३२ व्या कलमातील, गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद करणारे शब्द वगळले गेले. त्याच्याच आधारे कारागृहातील सक्तीच्या श्रमाविरुद्ध कैद्यांनी २०२४ मध्ये दावा दाखल केला.