उचललेल्या पिकअपच्या हेडलाइटचा रोख

पिकअप ट्रकचे सस्पेन्शन, बॉडी किंवा टायर बदलून गाडी मूळ उंचीपेक्षा वर घेतली की तिच्या हेडलाइटच्या झोताची दिशा पुन्हा बसवावी लागते. आपल्याकडचे गॅरेजवाले याला ‘लाइटचा फोकस सेट करणे’ म्हणतात. हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेतला आहे. तिथे पिकअप ही नुसती मालाची गाडी नसून घरची गाडीही असते. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून तिथली सर्वाधिक खपाची पिकअप आहे. चिखलात, बर्फात किंवा खडकाळ वाटेवर पोट घासू नये म्हणून, कधी निव्वळ रुबाबासाठी, ती दोन इंचांपासून सहा-आठ इंचांपर्यंत उचलतात. शॉकअप, स्प्रिंगा, टायर असे सगळे बदलले जाते आणि दिव्यामागचा एक छोटा स्क्रू फिरवायचा तेवढा राहून जातो. त्याचा त्रास गाडीच्या मालकाला होत नाही, समोरून येणाऱ्याला होतो. म्हणूनच तो मालकाच्या लक्षातही येत नाही.

उंची आणि कल

डिप्परचा झोत जमिनीला समांतर जात नाही, किंचित खाली झुकलेला असतो. त्याच्या वरच्या कडेला उजेड संपून अंधार सुरू होतो तिथे एक आडवी रेषा दिसते. तिला इथे मर्यादारेषा म्हणू. अमेरिकेतल्या गॅरेजांत रूढ असलेला ठोकळ हिशेब असा की २५ फुटांवर, म्हणजे ७.६ मीटरवर, ही रेषा दिव्याच्या मध्यबिंदूपेक्षा सुमारे २ इंच खाली पडावी. २५ फूट म्हणजे ३०० इंच. तेव्हा हा उतार ३०० ला २, साधारण ०.६७ टक्के, अंशांत सांगायचे तर अर्ध्या अंशापेक्षाही कमी. सगळा खेळ एवढ्याशा कोनाचा आहे.

गाडी उचलण्याचे दोन प्रकार आहेत. त्यांचे झोतावर होणारे परिणाम अगदी वेगळे असूनही बोलताना दोन्हींची गल्लत होते.

पहिला प्रकार चारही बाजूंनी सारखी उचललेली गाडी. यात कोन बदलत नाही. सगळा झोत आहे तसा वर सरकतो. दिवा ९५ सेंटिमीटरवर असलेली गाडी चार इंच उचलली तर तो १०५ सेंटिमीटरवर जातो. पंधरा मीटर पुढच्या छोट्या कारपाशी मर्यादारेषा पूर्वी ८५ सेंटिमीटरवर असायची, आता ९५ वर येते. म्हणजे डिकीवर पडणारा उजेड त्या कारच्या आरशांच्या पातळीला पोहोचतो. अमेरिकेत रस्ते आखताना मोटारचालकाच्या डोळ्यांची उंची साडेतीन फूट, म्हणजे सुमारे १०८ सेंटिमीटर धरतात. त्या डोळ्यांच्या आणि उजेडाच्या मध्ये उरलेली फट चार इंचांनी आक्रसते.

दुसरा प्रकार फक्त पुढून उचललेली गाडी, आणि खरा घोटाळा इथे होतो. कारखान्यातून येणारी पिकअप रिकामी असताना मागून थोडी उंच असते, कारण हौद्यात माल भरला की मागचे पाटे बसतात आणि गाडी सपाट होते. ही ‘वाकून उभी’ ठेवण अनेकांना आवडत नाही. मग पुढच्या स्प्रिंगांवर दीड-दोन इंचांचे ठोकळे टाकून नाक वर आणतात. याला लेव्हलिंग किट म्हणतात. ते स्वस्त असते, काम अर्ध्या दिवसाचे, आणि दोनच इंच म्हणून कुणी ते गंभीरपणे घेत नाही. पण हिशेब पाहा. फोर्ड एफ-१५० च्या चार दारांच्या, आखूड हौद्याच्या नमुन्यात पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे १४५ इंच आहे. मागचा भाग तसाच ठेवून पुढचा २ इंच वर घेतला की सगळी गाडी १४५ ला २, म्हणजे सुमारे १.४ टक्के मागे कलते. झोत त्याच प्रमाणात वर जातो. २५ फुटांवरच्या भिंतीवर हा फरक ४ इंचांचा होतो. जी रेषा दिव्याच्या २ इंच खाली होती, ती आता २ इंच वर. उताराचा चढ झाला. असा झोत जमिनीला कधी टेकतच नाही. पन्नास मीटरवर त्याची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे ३५ सेंटिमीटर वर, म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटरच्याही वर असते, आणि समोरच्या चालकाचे डोळे पूर्णपणे तिच्या आत सापडतात. डिप्पर देऊनही समोरच्याला अप्परच वाटतो, तो चिडून अप्पर मारतो, आणि पिकअपवाल्याला आपले काय चुकले ते कळत नाही.

तेव्हा गाडी किती उचलली यापेक्षा कुठून उचलली हे आधी विचारायला हवे. सहा इंच सारखी उचललेली गाडी दिसायला भयंकर असली, तरी दोन इंच नाक वर केलेली गाडी लाइट न बसवता रस्त्यावर आणली तर ती जास्त लोकांना आंधळे करते.

माल भरल्यावर हेच घडते, आणि हा अनुभव मराठी वाचकाला परका नाही. कांद्याच्या गोण्या ठासून भरलेली पिकअप बाजार समितीकडे निघते तेव्हा तिचे मागचे पाटे बसलेले असतात, तोंड वर असते आणि डिप्परचा उजेड झाडांच्या फांद्यांवर पडतो. अमेरिकेत गोण्यांच्या जागी मागे जोडलेली बोट किंवा घोड्यांचा ट्रेलर असतो. त्यावर उपाय म्हणून ट्रेलरचे वजन पुढच्या चाकांवरही वाटून देणारी जोडणी किंवा मागच्या पाट्यांना आधार देणारे हवेचे फुगे बसवतात.

याच कलाचे टोक म्हणजे ‘कॅरोलायना स्क्वॉट’: नाक आभाळाकडे आणि मागचा भाग रस्त्याला टेकेल इतका खाली. या ठेवणीचे मूळ कॅलिफोर्नियाकडच्या वाळवंटी शर्यतींच्या ट्रकांत सांगितले जाते. रोजच्या रस्त्यावर ती आली तेव्हा चालकाला बॉनेटपुढचा रस्ता दिसेना आणि समोरच्याला उजेडापलीकडचे काही दिसेना. नॉर्थ कॅरोलायनात २०२१ च्या डिसेंबरपासून पुढचा फेंडर (चाकावरचा पत्रा) मागच्यापेक्षा ४ इंच किंवा अधिक उंच ठेवण्याला बंदी आली. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये तसेच कायदे केले.

भिंतीसमोरचे काम

सपाट जमीन आणि उभी भिंत एवढे भांडवल पुरते. जमीन खरोखर सपाट हवी. अंगणाचा पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेला उतारसुद्धा माप बिघडवतो. भिंतीपाशी आणि २५ फूट मागे अशा दोन्ही ठिकाणी लेव्हल नळी धरून पाहणे चांगले. टायरमधली हवा बरोबर करावी, टाकीत नेहमीइतके इंधन असावे, हौद्यात कायम राहणारी अवजारांची पेटी काढून ठेवू नये. चालकाच्या जागेवर त्याच्या वजनाचे कुणी बसवावे. गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून सोडावी म्हणजे नवे सस्पेन्शन आपल्या जागी बसते. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये किंचित बसतात, त्यामुळे तेव्हा पुन्हा एकदा तपासावे.

गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून दिव्यांचे मध्यबिंदू भिंतीवर उतरवतात. बहुतेक दिव्यांच्या काचेवर त्यासाठी छोटा ठिपका किंवा फुली असते. त्या उंचीवर आडवी चिकटपट्टी, दोन्ही दिव्यांसमोर उभ्या पट्ट्या, आणि आडव्या पट्टीखाली २ इंचांवर आणखी एक. मग गाडी सरळ २५ फूट मागे. डिप्पर लावून एक दिवा पुठ्ठ्याने झाकावा आणि उघड्या दिव्याची मर्यादारेषा खालच्या पट्टीवर येईपर्यंत स्क्रू फिरवावा. दिवा झाकताना कापड टाकून विसरू नये. हॅलोजनची काच चांगलीच तापते. स्क्रूला फिलिप्स पेचकस किंवा लहान पाना लागतो आणि तो कुठल्या बाजूला फिरवल्यावर झोत खाली येतो हे गाडीगणिक बदलते, म्हणून आधी अर्धा फेरा फिरवून पाहावे. बऱ्याच नव्या दिव्यांना डावी-उजवीकडे वळवण्याचा स्क्रूच नसतो. भिंतीवर नजरेने रोख जुळवता येईल अशा दिव्यांना अमेरिकी नियमांत १९९७ मध्ये जागा मिळाली. त्यांची आडवी दिशा कारखान्यातच पक्की असते. अशा दिव्याच्या काचेवर ‘व्हीओएल’ किंवा ‘व्हीओआर’ ही अक्षरे कोरलेली असतात. पहिल्यात मर्यादारेषेचा डावा भाग पाहायचा, दुसऱ्यात उजवा. दोन्हींची मापे सारखी नसतात, त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेतला आकडा दोन इंचांच्या ठोकळ हिशेबापेक्षा वरचढ मानावा.

एक चूक मात्र जपून टाळायला हवी, कारण ती काळजीवाहू माणसाकडूनच होते. गाडी उचलण्याआधी भिंतीवर रेषेची जागा आखून ठेवायची आणि उचलल्यावर झोत पुन्हा त्याच खुणेवर आणायचा, असा सल्ला पुष्कळ दिला जातो. दोन इंचांच्या किटला तो चालून जातो: उतार २ ऐवजी ४ इंचांचा होतो आणि ३८ इंचांवरच्या दिव्याचा झोत सुमारे २३७ फुटांवर, म्हणजे ७२ मीटरवर जमिनीला टेकतो. पण गाडी सहा इंच उचलली असेल तर हाच सल्ला घातक ठरतो. उतार ८ इंचांचा होतो, दिवा ४२ इंचांवर, आणि झोत १३१ फुटांवर, जेमतेम ४० मीटरवर संपतो. ताशी ९० किलोमीटर वेगाला ते अंतर दोन सेकंदांपेक्षा कमी वेळात कापले जाते. खुणा दिव्याबरोबर वर सरकायला हव्यात; जुन्या खुणांना चिकटून राहिले तर दुसऱ्याचे डोळे वाचतात पण स्वतःचा रस्ता हरवतो.

मग उंच दिव्याला किती खाली झुकवायचे? युरोपातल्या नियमांनी याचे उत्तर सरळ आकड्यांत दिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ४८ नुसार डिप्परचा दिवा ८० सेंटिमीटरपेक्षा खाली असेल तर सुरुवातीचा उतार १ ते १.५ टक्के, आणि एक मीटरपेक्षा वर असेल तर १.५ ते २ टक्के. म्हणजे १० मीटरवर १५ ते २० सेंटिमीटर. ११० सेंटिमीटरवरचा दिवा दीड टक्क्याने झुकवला तर झोत ७३ मीटरवर टेकतो, दोन टक्क्यांनी ५५ मीटरवर. जितका उंच तितका जास्त झुकलेला, हे तत्त्व उचललेल्या पिकअपला नेमके लागू पडते. अमेरिकेत फक्त मूळ कोन परत आणून थांबणाऱ्यांनी त्याहून अर्धा-एक इंच आणखी खाली घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्क्रूने न सुटणारे दोष

हॅलोजन बल्बसाठी घडवलेल्या वाटीत एलईडी बल्ब खुपसला तर उजेडाचा उगम मूळ तारेच्या जागी राहत नाही, वाटीतला आरसा तो चुकीच्या दिशांना फेकतो आणि मर्यादारेषाच विस्कटते. जी रेषा नाही ती कुठल्याही पट्टीवर आणता येत नाही. खाली झुकवून त्रास थोडा कमी होतो, संपत नाही. पिवळी, धुरकट झालेली काचही असाच उजेड पसरवते. ती घासून पॉलिश करणे हे रोख बसवण्याच्या आधीचे काम.

काही गाड्यांत सस्पेन्शनच्या दांड्याला जोडलेला सेन्सर गाडीचा कल ओळखून झोत आपोआप खालीवर करतो. गाडी उचलल्यावर या दांड्याचा कोन बदलतो, सेन्सरला वाटते गाडी कायम कललेली आहे, आणि तो दिवे एका टोकाला नेऊन ठेवतो. अशा वेळी आधी सेन्सरची जोडणी नव्या उंचीला जुळवून स्कॅनरने शून्यबिंदू पुन्हा शिकवावा लागतो, मग स्क्रू. समोरच्या गाडीपुरता अंधार ठेवणाऱ्या कॅमेऱ्याच्या दिव्यांना अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिथे तर काचेमागच्या कॅमेऱ्याचेही नव्याने मापन लागते.

नियम

अमेरिकेच्या केंद्रीय मानक क्रमांक १०८ नुसार हेडलाइट जमिनीपासून २२ ते ५४ इंचांच्या दरम्यान हवा. ५४ इंच म्हणजे १३७ सेंटिमीटर, छोट्या कारच्या चालकाच्या डोळ्यांपेक्षा फूटभर वर. युरोपात हीच कमाल मर्यादा १२० सेंटिमीटर आहे. हे मानक गाडी बनवणाऱ्यासाठी आहे. विकल्यानंतर मालकाने काय केले ते पाहणे राज्यांकडे येते, आणि राज्याराज्यांत फरक आहे. टेक्सासने तर १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद केली. नव्या गाड्यांचे लाइटसुद्धा नेहमी नीट बसवलेले नसतात. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी ‘आयआयएचएस’ ही संस्था २०१६ पासून हेडलाइटना गुण देते आणि गाडी विक्रेत्याकडून जशी आली तशीच तपासते, कारण मालक स्वतः रोख बसवत नाहीत. त्या वर्षी तपासलेल्या पिकअपांत चांगला शेरा फक्त होंडा रिजलाइनला मिळाला.

भारतात उचललेल्या पिकअप थोड्या आहेत, प्रामुख्याने इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स बाळगणाऱ्या हौशी मंडळींकडे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ इथे आडवे येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ मापांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, असे स्पष्ट केले. मात्र भारतीय गाड्यांत एक सोय अशी आहे जी अमेरिकी पिकअपांत सहसा सापडत नाही: स्टिअरिंगजवळचे, ० पासून पुढे आकडे असलेले छोटे चाक. मागे माणसे किंवा माल चढला की ते पुढच्या आकड्यावर न्यायचे. आकडा जितका मोठा तितका झोत खाली. गाडी रिकामी झाली की परत शून्यावर. उचललेल्या गाडीत आधी भिंतीसमोर स्क्रूने रोख बसवावा, तोही हे चाक शून्यावर ठेवून, म्हणजे भरल्या हौद्यासाठी त्याचे सगळे आकडे शिल्लक राहतात.