पार्श्वभूमी: ‘अवेट’च्या फटीत निसटणारा हिशेब

रावेर-सावदा भागात केळीची कटाई जोरात असली की रात्री व्यापाऱ्याकडे पट्ट्यांचा (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचा) ढीग लागतो. हा हिशेब आता बॅकग्राउंड जॉब, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्राम, करतो. अशाच एका जॉबवर मी काम करत होतो. एका शेतकऱ्याकडे उचलीची बाकी २०,००० रुपये होती. एकाच रात्री त्याच्या दोन पट्ट्या निघाल्या. एकीतून ८,००० आणि दुसरीतून ५,००० वळते करायचे होते. सकाळी बाकी ७,००० दिसायला हवी होती, दिसली १५,०००.

प्रत्येक पट्टीचे काम एक कोरुटिन करत होता. कोरुटिन म्हणजे मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालू होणारा प्रोग्रामचा तुकडा; तो जिथे थांबतो ती जागा ‘अवेट’. दोन्ही कोरुटिननी आधी २०,००० वाचले आणि बँकेच्या उत्तराची वाट पाहत दोघे थांबले. पहिल्याने १२,००० लिहिले. मागून जागा झालेल्या दुसऱ्याकडे जुनाच आकडा होता. त्याने त्यावर १५,००० लिहिले. थ्रेड (सूचना एकामागून एक चालवणारी साखळी) एकच होता, तरी शेतकऱ्याचे आठ हजार बुडाले.

“थ्रेड एकच, मग रेस कंडिशन येईलच कशी?” हा प्रश्न आजही सर्रास ऐकू येतो. रेस कंडिशन म्हणजे कोण आधी पोचतो यावर निकाल बदलणं. त्यामागचा समज कुठून आला, हे पाहायला बरंच मागे जावं लागतं.

‘रेस’ हा शब्द सॉफ्टवेअरच्याही आधीचा, स्विचिंग सर्किटच्या अभ्यासातला. डेव्हिड हफमन यांच्या १९५४ च्या कामात तो भेटतो: दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) एकाच वेळी बदलायला निघाले, तर आधी कोणता पोचतो यावर सर्किटची पुढची स्थिती ठरते. ‘कोरुटिन’ हे नाव मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्ये दिलं. त्यांचा १९६३ चा निबंध कोबोल भाषेच्या कंपायलरबद्दल, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, होता. कंपायलरचा एक भाग अक्षरांतून शब्द जुळवून देणार, दुसरा व्याकरण तपासणार, आणि दोघं आळीपाळीने एकमेकांच्या हाती काम सोपवणार. काम कुठे सोडायचं ती जागा ठरलेली आणि मध्येच कोणी घुसणार नाही. त्या मांडणीत शर्यतीला वावच नव्हता. ‘कोरुटिन म्हणजे सुरक्षित’ हा समज मला वाटतं तिथूनच चालत आला.

कुलपाची गोष्ट मात्र निराळ्या वाटेने आली. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये परस्पर-वर्जनाचा (एक आत असताना दुसऱ्याला बाहेर ठेवण्याचा) प्रश्न नेमका मांडला, आणि त्याच काळात त्यासाठी सेमाफोर हे साधनही दिलं. सेमाफोर म्हणजे मुळात रेल्वेचा, खांबावर हात असलेला सिग्नल. भुसावळकराला तो वेगळा समजावून सांगायला नको. एकेरी मार्गावरचा टोकनचा गोळा आठवा. पुढच्या स्टेशनाने संमती दिल्याशिवाय यंत्रातून गोळा सुटत नाही, आणि तो परत यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही. वेताच्या कड्यातल्या पिशवीत गोळा आला की मगच ड्रायव्हर त्या सेक्शनमध्ये गाडी घालतो. आज आपण म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) लावतो ते याच कामासाठी.

मधली काही दशकं थ्रेडची होती. मग सी-शार्प ५ (२०१२), पायथन ३.५ (२०१५) आणि कोटलिन १.३ (२०१८) या प्रोग्रामिंग भाषांनी कोरुटिन रोजच्या वापरात आणले. पण कॉनवेंचे दोन भागीदार आता राहिले नव्हते. शेकडो जॉब एकाच बाकीवर हात ठेवून थांबू लागले. पायथनच्या असिंकआयओ या कोरुटिन चालवणाऱ्या लायब्ररीमध्ये एका अवेटपासून पुढच्या अवेटपर्यंत दुसरं टास्क मध्ये येत नाही, हे खरं. पण वाचन अवेटच्या अलीकडे आणि लेखन पलीकडे असेल, तर मधली फट उघडीच राहते. कोटलिनच्या डीफॉल्ट डिस्पॅचरवर (कोरुटिन थ्रेडवर वाटून देणाऱ्या यंत्रणेवर) तर कोरुटिन खरोखरच अनेक थ्रेडवर धावतात.

जुनं थ्रेडचं कुलूप इथे जसंच्या तसं चालत नाही. सी-शार्पने लॉकच्या आत अवेट लिहायला पहिल्यापासूनच मनाई केली. म्हणून थ्रेड अडवून न धरता फक्त कोरुटिनला थांबवणारी कुलपं आली: पायथनमध्ये असिंकआयओचा लॉक, कोटलिनमध्ये म्युटेक्स. कोटलिनचं म्युटेक्स ज्याने धरलंय त्यालाच पुन्हा धरता येत नाही. तसा प्रयत्न केला तर जॉब स्वतःचीच वाट पाहत लटकतो.

तरीही ही कुलपं एका प्रोसेसपुरतीच, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रामपुरतीच. दुसऱ्या सर्व्हरवर वर्कर (जॉब चालवणारा प्रोग्राम) चढवला की त्याला त्यांचा पत्ताच नसतो. तिथे कुलूप डेटाबेसमध्ये हवं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने ओळ (एक नोंद) धरता येते, आणि २०१६ च्या ९.५ आवृत्तीत ‘स्किप लॉक्ड’ आल्यापासून दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून वर्कर पुढचं काम उचलू शकतो.

आमच्या जॉबमध्ये आता बँकेशी बोलणं आधी उरकतं. मग ट्रान्झॅक्शन (पूर्ण होणारा किंवा अजिबात न होणारा बदलांचा गट) उघडून शेतकऱ्याची ओळ धरायची, बाकी तिथेच नव्याने वाचायची, वजा करायची आणि ओळ सोडायची. पट्टी क्रमांकावर युनिक बंधन आहे, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदता येत नाही, त्यामुळे जॉब पुन्हा चालला तरी तीच पट्टी दोनदा वळती होत नाही.