कोकणातील नेपाळी कामगार

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हापूसच्या बागांवर व मासेमारी नौकांवर कामाला येणारा, मुख्यतः हंगामी मजूरवर्ग. बागायतदार त्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे. भारतात मजुरीला येणाऱ्या नेपाळींपैकी पुष्कळ जण कैलाली, अछाम, डोटी अशा सुदूर पश्चिमेकडील जिल्ह्यांतले असतात. गोरखा जिल्ह्याशी किंवा पलटणीशी त्यांचा संबंध नसतो.

ते इथे का आले, याचे उत्तर कोकणी माणसाच्या स्वतःच्या स्थलांतरात आहे. गिरणगावाच्या काळापासून इथल्या घरांतले कर्ते पुरुष मुंबईला गेले, चाकरमानी झाले आणि गावचे घर मनीऑर्डरवर चालले. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना या दोन्ही जिल्ह्यांची घटली; रत्नागिरीची 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली. कलमे मात्र वाढत होती आणि त्यांना माणसे हवी होती.

बागेतले काम पावसाळा सरला की सुरू होते. आधी गवत काढणे, मग मोहोर येताच फवारणी, फळ धरल्यावर वानरांपासून आणि चोरांपासून रात्रंदिवस राखण, शेवटी झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेल्या साधनाने) काढणी आणि पेटी भरणे. कुटुंब बागेतल्याच मांगरात (शेतघरात) किंवा पत्र्याच्या खोलीत राहते. गावापासून दूर, विजेची खात्री नसलेल्या डोंगरउतारावर सहा-सात महिने काढायला स्थानिक तरुण तयार होत नाहीत, ही खरी अडचण आहे. ‘नेपाळी स्वस्त पडतो’ एवढेच कारण सांगणे अपुरे ठरते. दोन्हीकडची पंचांगेही जुळतात. दसैं-तिहार (नेपाळचे दसरा-दिवाळी) घरी करून निघता येते आणि जूनमध्ये आंबा संपतो, तेव्हा तिकडे भातलावणीची वेळ झालेली असते.

बंदरांचे वेळापत्रक वेगळे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत नौका किनाऱ्याला ओढल्या जातात आणि खलाशी गावी जातात. ऑगस्टमध्ये मिरकरवाड्यासारख्या बंदरांत खलाशांची पुन्हा भरती होते. तांडेल (नौकेचा प्रमुख) बहुधा स्थानिक, खलाशांत मात्र नेपाळी पुष्कळ. समुद्र कधी न पाहिलेला डोंगरातला मुलगा जाळी ओढायला शिकतो, त्यामागचे कष्ट मोठे आहेत.

1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. येणे त्यामुळे सोपे झाले, पण त्यांची नीट मोजदादही होत नाही. ते परदेशी नागरिक असल्याने मतदारयादी आणि रेशनकार्ड यांपासून दूर राहतात. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सीमा बंद झाली, तेव्हा आंबा नुकताच काढणीला आला होता. बागांत अडकलेल्यांना घरचा रस्ता उरला नाही.

मुलांचा प्रश्न यात सर्वांत नाजूक. नेपाळीची लिपीही देवनागरीच, म्हणून पहिलीतले नेपाळी मूल मराठी अक्षरे लवकर ओळखते. पटसंख्येअभावी अडचणीत आलेल्या जिल्हा परिषद शाळांना अशा मुलांचा आधार होऊ शकतो. पण हंगाम आणि शैक्षणिक वर्ष जुळत नाही: शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा मूल नेपाळात असते आणि ते परत येते तोवर पहिले सत्र बहुतेक सरलेले असते.